प्रेमानंदचा सत्कार

कॉलेजच्या फाटकापाशी मुलींचा घोळका आडवा आला म्हणून योगिनीने स्कूटर थांबवली. घोळका खिदळत बाजूला झाला आणि त्यामागे कंपाउंडच्या भिंतीला बांधलेला नवा फ्लेक्स दिसला. जागतिक दिव्यांग दिन, नूतन रॅम्पचे उद्घाटन आणि सत्कार सोहळा. खाली गोल चौकटीत दोन फोटो. एक तिचा, ग्रंथालयातल्या टेबलामागे बसलेला, कमरेपासून वरचा. दुसरा एका टक्कल पडत चाललेल्या, जाड भिंगाच्या माणसाचा. हा कोण बुवा, असं मनाशी म्हणत तिने खालची ओळ वाचली आणि ब्रेकवरचा हात तसाच आवळलेला राहिला. प्रेमानंद. नावाखाली 'मुख्याध्यापक', आणि त्याखाली लाल अक्षरांत, 'अपंग वर्गभगिनीला पाठीवरून वर्गात नेणारे माणुसकीचे दूत'. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला. तिने आपली जोडचाकांची स्कूटर पुढे घेतली, नेहमीसारखी लिंबाखाली लावली, शिपायाने आणून ठेवलेल्या चाकाच्या खुर्चीत अंग टाकलं. ग्रंथालयाचं कुलूप काढेपर्यंत तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की आपण त्याला ओळखलं नाही. वर्गभगिनी या शब्दाचा राग नंतर आला. आधी आली ती लाज. इतकी वर्षं ज्याची आठवण काढून जगलो, त्याचा चेहरा आपल्याला ओळखता येऊ नये याची लाज.

पण ओळखणार तरी कशी? चेहरा तिने पाहिला होता कितीसा? बी.ए.ची पहिली दोन वर्षं तिने प्रेमानंद पाहिला तो मागून. मानेवर न्हाव्याने वस्तऱ्याने मारलेली सरळ रेघ, उजव्या कानामागचा तीळ, पायऱ्या चढताना ताणल्या जाणाऱ्या मानेच्या शिरा. त्याचा श्वास तिने ऐकला नव्हता, तो तिला छातीला जाणवायचा, तिच्या फासळ्यांना लागून त्याची पाठ फुगायची आणि बसायची. जिन्याच्या वळणावर तो क्षणभर थांबायचा, तिला किंचित वर सरकवून घ्यायचा, आणि त्या झटक्यात तिची वेणी त्याच्या खांद्यावरून पुढे पडायची. तिच्या पायांतले लोखंडी कॅलिपर त्याच्या मांड्यांवर आपटायचे. "लागते काय?" ती विचारायची. "नाही," तो म्हणायचा, "गाय हाकलतानी बी इतकं लागते." एवढंच बोलणं. वर पोचलं की पहिल्या बाकावर तिला पाठमोरं टेकवायचं, वळायचं नाही, तसंच पुढे जाऊन आपल्या जागी बसायचं. तिला कधी त्याच्या डोळ्यांचा रंग विचारला असता तर सांगता आला नसता.

हे सगळं सुरू झालं ते अगदी सहज. वडिलांनी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणलं होतं आणि प्रवेशाच्या वेळी कुणी न सांगितलेली गोष्ट त्या सकाळी दोघांना कळली, की कला शाखेचे सगळे वर्ग वरच्या मजल्यावर भरतात. वडिलांचं नुकतंच हर्नियाचं ऑपरेशन झालेलं. ते जिन्याच्या तोंडाशी उभे राहून वर पाहत होते, जणू जिना आपणहून खाली येणार होता. पोरं-पोरी दोन्ही बाजूंनी चढत होती. तिला वाटलं, आता बाबा सायकल वळवतील, आणि मग सगळं तिथेच संपेल. पुढचं आयुष्य घराच्या ओसरीवर. तेवढ्यात एक काळासावळा, उंच मुलगा हातातली वही शर्टात खोचत पुढे आला आणि तिच्याकडे पाठ करून वाकला. "बसा," म्हणाला.

"कोण्या गावचा रे तू?" वडिलांनी विचारलं.

"मोताळ्याजवळचा. इथं समाजकल्याणच्या वसतिगृहात राहतो." त्याने नाव सांगितलं, आडनावासकट. आडनाव ऐकून वडिलांची नजर क्षणभर त्याच्यावरून तिच्यावर आली आणि परत त्याच्यावर गेली. बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. कोणाला किती उधारी द्यायची आणि कोणाला आत घ्यायचं हे त्यांना आडनावावरून ठरवायची सवय होती. मग ते म्हणाले, "बरं. सांभाळून ने."

त्या 'बरं'चा अर्थ तिला संध्याकाळी कळला. शेजारच्या अन्नपूर्णाबाई आल्या होत्या, आवाज खाली आणून बोलत होत्या, तरणी पोर आहे, परक्या पोराच्या पाठीवर बसून जाते, तेही तसल्या, लोक काय म्हणतीन. आणि वडील आतल्या खोलीतून अगदी शांतपणे, दर सांगावा तसं म्हणाले, "आपल्या योगीचं काय वो वहिनी. तिच्याकडं कोण त्या नजरेनं पाह्यते." अन्नपूर्णाबाईंना ते पटलं. सगळ्या गावाला पटलं. ज्या बुलडाण्यात तिची धाकटी बहीण संजीवनी एका मुलाच्या सायकलमागे दोन पावलं चालली म्हणून घरात जेवणं थांबली होती, त्याच गावात योगिनी दोन वर्षं रोज एका मुलाच्या गळ्यात हात घालून जिना चढली आणि कुणाच्या भुवईचा केस हलला नाही. उलट, प्राध्यापक वर्गात त्याचं उदाहरण देत. शेगावला जाऊन आलेल्या बायका प्रसाद देताना म्हणत, त्या पोराले पुण्य लागन. तिने कानांनी ते ऐकलं आणि खरं मानलं. म्हणून पुढे त्याच्याबद्दल जे काही मनात उगवलं, ते तिने स्वतःचा खोटेपणा म्हणून दडपून ठेवलं. सकाळी वेणी घालताना ती जरा जास्त वेळ आरशासमोर बसायची आणि मग आरशालाच म्हणायची, काय गं, पाठीवर तर बसायचंय.

मग तिसरं वर्ष उजाडलं. जून महिन्यात ती नेहमीसारखी जिन्यापाशी येऊन थांबली, तर शिपाई म्हणाला, ताई, तुमचा वर्ग आता खाली भरते, सायकल स्टँडजवळच्या खोलीत. प्रेमानंदनेच अर्ज केला म्हणे प्राचार्यांकडे. खोलीत गेली तेव्हा तो समोर उभा होता. त्या दिवशी तिने त्याला समोरून पाहिलं, पण डोळे भरून आल्यामुळे ते पाहणंही वाया गेलं. "बरं झालं ना आता," तो म्हणाला. "तुले तरास नाही." आणि जाऊन थेट शेवटच्या बाकावर बसला. वर्षभर तिथेच बसला. सगळ्यांनी तिचं अभिनंदन केलं. खोलीला उंबरा नव्हता, फळा जवळ होता, खिडकीतून लिंबाची सावली यायची. इतकी सोय तिची आयुष्यात कुणी केली नव्हती आणि इतकी ती कधी रडली नव्हती. त्याला आपलं ओझं झालं, हे तिने त्या दिवशी ठरवून टाकलं. दुसरं काही असू शकेल हा विचार तिच्या मनाला शिवला नाही, कारण दुसरं काही असायला त्याच्या जागी कुणी दुसरा आणि तिच्या जागी कुणी दुसरी लागली असती.

ग्रंथालयात उन्हाची तिरीप आली होती. मुलं पुस्तकं मागत होती, ती देत होती. हिंमतराव सरांना हे सुचलं कसं, हेही तिला आता आठवलं. रॅम्पचं काम चालू असताना प्राचार्य हिंमतराव एकदा टेबलापाशी येऊन उभे राहिले, म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर याच कॉलेजच्या. तेव्हा कशा शिकलात?" ती म्हणाली, "एक मुलगा न्यायचा वर." बस्स, एवढंच. सर चांगले होते, पण त्यांना प्रत्येक चांगल्या गोष्टीचा कार्यक्रम करावासा वाटे. त्यांनी जुनी नावं काढली, माणूस शोधला, फोन केला, आणि तिला न सांगता फ्लेक्ससुद्धा छापला; सरप्राइज म्हणून.

रॅम्पसाठी मात्र ती खरोखर भांडली होती. पहिला रॅम्प काही वर्षांपूर्वी झाला, तपासणी समिती येणार होती तेव्हा, घाईघाईत. तो इतका उभा होता की त्यावरून तिची खुर्ची अर्ध्यातून मागे घसरली आणि शिपायाने धरली म्हणून ती वाचली. समिती गेली आणि त्यावर झेंडूच्या कुंड्या मांडल्या गेल्या. एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, हे तिने त्यानंतर प्रत्येक बैठकीत सांगितलं. लोक मान डोलवत. मॅडमचं बरोबर आहे, पण वर जाणारी मुलं आहेत किती? या वर्षी छकुली आली, बीबी गावाहून. वसतिगृहात राहणारी, कुबड्यांवर चालणारी, तोंडाने फटकळ पोरगी. एक दिवस ती ग्रंथालयात तिच्या टेबलाशी येऊन बसली. चेहरा लाल झालेला. "मॅडम, वरच्या वर्गाला जायचं तर पोरं उचलायला येतात. मदत म्हणून येतात, अन् कुठंबी हात लावतात. नाही म्हटलं तर म्हणतात, बघा, हिला माज आलाय. मी शिकणं सोडीन, पण कोणाला उचलू नाही देणार." योगिनी ऐकत राहिली. पोरीचं बोलणं शब्द न् शब्द खरं होतं. त्याच दुपारी तिने हिंमतराव सरांसमोर जाऊन सांगितलं, की या परीक्षेच्या आत काम सुरू झालं नाही तर मी विद्यापीठात जाऊन बसेन, खुर्चीसकट. काम सुरू झालं. इमारतीच्या मागच्या अंगाने, दोन वळणं घेत वरच्या मजल्यापर्यंत जाणारा रॅम्प, दोन्हीकडे धरायला नळ्या. सिमेंटच्या वासाने ती रोज आतून सुखावत होती. आणि तरी, मजूर चहाला गेले की त्या अर्धवट उतारापाशी खुर्ची नेऊन बसल्यावर तिला छातीला लागून फुगणारी ती पाठ आठवे, आणि छकुलीसमोर आपण अपराधी आहोत असं वाटे. आपण ज्याच्यासाठी झुरतो त्यातूनच ही पोर सुटायला बघते. हे कुणाला सांगायचं?

कार्यक्रमाच्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर तयार झाली. आईने विचारलं, "नवं लुगडं कसं काय आज?" तर "फोटो निघणार आहेत," असं म्हणाली. डिसेंबरचा गारठा होता, बुलडाण्याचा, दुपारीसुद्धा सावलीत अंगावर काटा आणणारा. फीत कापायला तिने छकुलीला पुढे केलं. छकुलीने फीत कापली, कुबड्या टेकत पहिलं वळण पार केलं, आणि वरून मैत्रिणींना ओरडून म्हणाली, "या ना बे, काय पाहून राह्यल्या!" सगळे हसले. योगिनीने मागे वळून पाहिलं. माणसांच्या गर्दीत, काठी टेकून, एक जाड भिंगाचा माणूस उभा होता आणि तोही हसत होता.

सभागृहात नवीनच तिढा पडला. रॅम्प झाला होता, व्यासपीठाला मात्र पायऱ्याच होत्या. त्याचा विचार कुणी केला नव्हता, तिनेसुद्धा. हिंमतराव सर खजील झाले. "मॅडम, पोरं उचलून घेतील खुर्ची. दोन मिनिटांचं काम." ती म्हणाली, "नको सर. मी खालीच बसते." तेवढ्यात प्रेमानंद पुढे आला. त्याने पायऱ्यांकडे पाहिलं, आपल्या उजव्या गुडघ्याकडे पाहिलं. "मले बी नाही जमणार," तो म्हणाला, आणि तिच्यापासून एक खुर्ची सोडून पहिल्या रांगेत बसला. मग व्यासपीठावर चढलेले पाहुणे एकेक करत खाली उतरले, खुर्च्या खाली आल्या, माइकची वायर पुरेना म्हणून ओढाताण झाली. या गोंधळाचा तिला मोठा आधार वाटला. कुणी तिच्या तोंडाकडे पाहत नव्हतं. शाल तिच्या हातात दिली गेली. तो तिच्या खुर्चीसमोर वाकला. मान खाली गेली तशी वस्तऱ्याची रेघ दिसली, पांढरे खुंट असलेली, आणि कानामागचा तीळ. आत्ता ती त्याला ओळखत होती. तिने शाल त्याच्या खांद्यावर घातली, आणि टाळ्यांच्या आवाजात तो हळूच म्हणाला, "योगिनी मॅडम, नमस्कार."

भाषण त्याने बसूनच केलं. शाळेतल्या मुलांसमोर बोलायची सवय असलेला आवाज. "माह्या सत्काराचं काही कारण नाही," तो म्हणाला. "एका मुलीला शिकायचं होतं आणि जिना मध्ये होता. मी तिला दोन वर्षं वर नेलं. पण वर्ग खाली आणा, हे म्हणायला मला दोन वर्षं लागली. ते मी पहिल्याच दिवशी म्हणायला पाहिजे होतं. माणसानं माणसाला उचलावं लागू नये, अशी जागा असली पाहिजे. ती तुम्ही आज केली, म्हणून सत्कार तुमचा." सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. किती नम्र, म्हणून बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. योगिनीही टाळ्या वाजवत होती. पहिल्याच दिवशी. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्याला ते नको होतं. इतकी वर्षं तिने धरून ठेवलं होतं, की दुसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत तरी आपण त्याला जड झालो नव्हतो. आता तेही गेलं.

चिवडा-पेढ्यासाठी गर्दी पांगली तेव्हा तो काठी टेकत तिच्याजवळ आला. "चाल," म्हणाला, "तुह्या रॅम्पवरून जाऊन पाहू." 'मॅडम' आता गळून पडलं होतं. ती काही न बोलता चाकं फिरवू लागली. तो नळी धरून बाजूने चालत होता आणि तिच्यापेक्षा हळू होता. तिला थांबून थांबून जावं लागत होतं. ऊन नव्या सिमेंटवर पसरलं होतं. पहिल्या वळणाच्या जरा पुढे, चढावरच तो थांबला, नळीला टेकला. खाली सायकल स्टँड, त्यापलीकडे वसतिगृहाच्या गच्चीवर वाळत घातलेले मुलांचे शर्ट.

"गुडघ्यातली वाटी घासली म्हणते डॉक्टर."

"माह्या वजनानं?"

तो हसला. "तुह्यात वजन होतं कुठं? लोखंडच जास्त होतं."

त्याने घरचं सांगितलं. बायको महामाया, तीही शिक्षिका, मुलगा खामगावला नोकरीला, नात झालेली. तिने ग्रंथालयाचं सांगितलं, आईचं सांगितलं. हे सगळं सांगून झाल्यावर जे उरलं होतं ते तिच्या तोंडून निघून गेलं, भांडल्यासारखं. "पहिल्याच दिवशी म्हणायला पाहिजे होतं म्हणे. मंग काऊन नाही म्हटलं?"

त्याने चष्मा काढला, शालीच्या टोकाने पुसत बसला. "म्हटलं असतं," तो चष्म्याकडेच पाहत म्हणाला, "तं वर्ग खाली आला असता ना."

तिला आधी तो चेष्टा करतोय असं वाटलं. वर्ग खाली आला असता, त्यासाठीच तर अर्ज होता. मग त्या वाक्याचा दुसरा अर्थ हळूहळू, पाणी झिरपत यावं तसा तिच्यापर्यंत आला. चाकांवरचे हात सैल पडले आणि खुर्ची जराशी मागे सरकली. तिने ब्रेक लावला.

"मंग तिसऱ्या वर्षी काऊन म्हटलं?"

"मायनं म्हणायले लावलं." त्याची आई, बनाबाई, मजुरीला जाणारी. ती योगिनीने कधी पाहिली नव्हती. "मी शनिवारी कपडे घरी न्यायचो धुवायले. पांढऱ्या शर्टाच्या उजव्या खांद्यावर तेलाचा डाग राहायचा. दर हप्त्याले, त्याच जागी. मायनं किती दिवस काही म्हटलं नाही. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात मले नळगंगेच्या काठावर घेऊन गेली अन् शर्ट पुढं धरला. म्हणे, हे कोणाच्या वेणीचं तेल होय? मी सांगितलं, एक पोरगी आहे, पायानं अधू आहे, तिले वर्गात नेतो. तं माय म्हणे, मी पाय नाही विचारले. पोरगी कशी आहे, ते सांग."

"मंग?"

"मंग काय. मले बोलता नाही आलं. नाही बोललो तेच तिले समजलं." त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "म्हणे, बाबू, ते लोक आज आंधळे हायेत म्हणून चालून राह्यलं. एखाद्या दिवशी त्याईले दिसन. त्या दिवशी आपलं घर राहणार नाही. बापाची शपथ घातली तिनं. मी म्हटलं, तिचं शिक्षण बंद पडन. तं म्हणे, बंद नको पाडू, वर्ग खाली आण. मायनंच सुचवलं ते. अक्षर येत नव्हतं तिले."

योगिनी वसतिगृहाच्या गच्चीकडे पाहत होती. घरी कढवलेलं, माका घातलेलं तेल. रविवारी न्हाऊन झालं की आई थापून थापून लावायची. कुठल्यातरी गावात, नदीच्या दगडावर, एक बाई त्या डागाला साबण लावत होती आणि डाग निघत नव्हता, आणि त्या बाईला भीती वाटत होती. तिची, योगिनीची. सगळा बुलडाणा जिला ओलांडून पलीकडे बघत होता, तिची कुणालातरी इतकी भीती वाटली होती की रात्री झोप लागली नसेल. आयुष्यात तिला पुष्कळ काही मिळालं होतं. मान, पगार, कौतुक. संशय कुणी घेतला नव्हता.

"अन् तू मागच्या बाकावर जाऊन बसला," ती म्हणाली. हा एवढा तरी ठपका त्याच्यावर ठेवायलाच हवा होता. "माह्यापासून लांब."

"तिथून तू दिसायची," प्रेमानंद म्हणाला. "पाठीवर होती तवा कुठं दिसत होती?"

वाऱ्याने गच्चीवरचे शर्ट एका बाजूला झुकले. तिला विचारायचं होतं, बनाबाई आहेत का, मला एकदा भेटायचं आहे. त्या बाईच्या समोर जाऊन बसावं, तिने आपल्याला नीट, नखशिखांत, वाईट नजरेने पाहावं अशी एक विलक्षण ओढ तिला लागली. "माय हाये?" तिने विचारलं.

"करोनाच्या सालात गेली. आखरीपर्यंत मधूनच विचारायची, ते तेलवाली पोरगी काय करून राह्यली रे आता? मी सांगायचो, मोठ्या लायब्ररीत हाये. म्हणायची, कोणाच्या घरी गेली? मी म्हणायचो, नाही गेली. मंग गप्प बसायची."

दुसरं वळण त्यांनी घेतलं नाही. त्याचा गुडघा चालेना, आणि तिलाही वर जायची घाई उरली नव्हती. खालून त्याच्या मुलाने गाडीचा हॉर्न दिला. तो उताराने सावकाश गेला, काठी, पाय, काठी, पाय. तिने त्याला पाठमोरं जाताना शेवटपर्यंत पाहिलं. गाडीचं दार उघडल्यावर मात्र तो वळला आणि थोडा वेळ तसाच, तोंड तिच्याकडे करून उभा राहिला. छकुली आणि तिच्या मैत्रिणी वरून धडधडत खाली आल्या. "मॅडम, एकट्याच काय बसल्या इथं? मोबाइल द्या, फोटो काढते." फोटोत ती हसते आहे.

ती घरी पोचली तेव्हा ऊन कलत होतं. तिची आई, सरस्वतीबाई, ओट्यावर सुपात तुरीच्या हिरव्या शेंगा घेऊन सोलत बसली होती. वयामुळे बोटं अडखळत, दाणे सुपाबाहेर उडत.

"आला होता काय तो मोताळ्याचा पोरगा?"

"आला होता. पोरगा कुठला, आजा झाला आता."

"गुणाचा होता बिचारा. नमस्कार सांगितला ना माहा?"

योगिनी ओट्याच्या कडेला बसली. कॅलिपरचे पट्टे सोडले. पायांना वारा लागला. सांगायचं की नाही हे तिने ठरवलं नव्हतं. सांगून झाल्यावर तिला कळलं की आपण सांगितलं. "आई, त्याच्या मायले माह्यावर संशय आला होता. त्याच्या शर्टाले माह्या वेणीचं तेल लागायचं. म्हणून तिनं त्याले मले उचलू दिलं नाही. म्हणून आमचा वर्ग खाली आला."

"संशय? कशाचा?"

"तसला."

सरस्वतीबाईंची बोटं थांबली. "तुह्यावर?" त्या म्हणाल्या. त्या एका शब्दात इतकं निर्मळ आश्चर्य होतं की योगिनीला हसू फुटलं. ती हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आई हसली नाही. ती लेकीकडे पाहत होती, आधी तोंडाकडे, मग केसांकडे, मानेकडे, नव्या साडीकडे, जणू शेजारच्या गावाहून कुणी पाव्हणी येऊन ओट्यावर बसली होती.

"मंग ते बाई माह्याकडं काऊन नाही आली?" आई म्हणाली. "यायचं होतं. दारात उभं राहून भांडायचं होतं माह्याशी, तुह्या पोरीले आवर म्हणून. मी बी भांडली असती. संजीवनीच्या पायी भांडली नाही काय मी साऱ्या गल्लीशी?" तिचा आवाज चढला, मग एकदम बसला. तिने हातातली शेंग तशीच सुपात टाकली. "अन् मले काऊन नाही आला वं संशय, योगे? मी तं तुही माय होती. मले काऊन नाही आला?"

योगिनीने सूप आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि एक शेंग उचलली. आई तिच्याकडे पाहत होती. ती खरंच उत्तराची वाट पाहत होती.